जंगल सावरतंय हे कशावरून? पहिल्यांदाच मोजणी करणाऱ्यांसाठी

तीन वर्षांच्या कामाचा अहवाल आम्ही मोठ्या हौसेने मांडला होता. किती रोपं लावली, किती जगली, गवत किती वाढलं, शिवाय आधीचे आणि नंतरचे फोटो. सगळं ऐकून झाल्यावर समोर बसलेल्या एका वनस्पतीतज्ज्ञ बाईंनी एवढंच विचारलं, "तुम्ही तिथे काहीच केलं नसतं, तर आज काय दिसलं असतं?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडच्या उतारावर गेलो. तिथे आम्ही कधी हातही लावला नव्हता. गवत तिथेही गुडघ्याएवढं होतं. तिन्ही वर्षं पावसाने साथ दिली होती. त्यात आमचा वाटा किती आणि पावसाचा किती, हे सांगण्याची सोय आम्ही पहिल्याच दिवशी घालवून बसलो होतो.

म्हणून हा लेख पहिल्या दिवसापासून सुरू होतो. उजाड टेकडी असो, ओढा असो, पाणथळ जागा असो की गवताळ माळ. तुम्ही ती सावरायला घेतली असेल आणि पुढे कधीतरी 'काम यशस्वी झालं का' याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं असेल, तर पहिली कुदळ मारण्याआधी हे वाचा. कुदळ आधीच मारून झाली असेल, तर पायरी ३ मध्ये तुमच्यासाठी एक पळवाट आहे.

जवळ काय काय हवं

साहित्य साधंच लागतं:

- ५० मीटरची मोजपट्टी, आणि खोडाचा घेर मोजायला शिंपी वापरतात तशी टेप
- लोखंडी सळीचे खुंट, रंगाचा डबा, क्रमांक ठोकलेले पत्र्याचे बिल्ले
- १ मीटर बाय १ मीटरची चौकट (प्लास्टिकच्या पाइपची घरीही बनते)
- जीपीएस असलेला मोबाईल आणि होकायंत्र
- छापील नोंदतक्ते आणि पेन्सिल. शाई ओली झाली की पसरते
- दुर्बीण, आणि पाण्याचं काम असेल तर सेकी चकती (पाणी किती स्वच्छ आहे ते बघायची, पायरी ४)

कागदपत्रांत जागेचा हद्दीसह नकाशा हवा, जमीनमालकाची किंवा संबंधित खात्याची लेखी परवानगी हवी, मिळतील तेवढे जुने फोटो आणि पावसाच्या नोंदी हव्यात. जागा संरक्षित क्षेत्रात असेल, तर वनस्पतींचे नमुने गोळा करायला किंवा प्राणी पकडायला सहसा वेगळी परवानगी लागते. ती मोजणीच्या आदल्या आठवड्यात मागून मिळत नाही. आणि एक रोजवही: कोणत्या तारखेला, कोणत्या तुकड्यात, काय केलं. तण काढलं, पाणी घातलं, कुंपण मोडलं, आग लागली, सगळं. पाच वर्षांनी आकड्यात विचित्र खड्डा दिसला की उत्तर याच वहीत सापडतं, आणि नेमकी हीच वही कुणाच्या तरी घरी राहिलेली असते. तिचे दर महिन्याला फोटो काढून ठेवा.

१. 'सावरणं' म्हणजे काय, ते एका वाक्यात लिहा

'जैवविविधता वाढवणं' हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. उद्दिष्टात काय, कुठे, किती आणि कधीपर्यंत या चारही गोष्टी याव्या लागतात. उदाहरणार्थ: 'दहा वर्षांत ओढ्याच्या दोन्ही काठांवर स्थानिक झाडोऱ्याचं आच्छादन ६० टक्क्यांच्या वर जाईल आणि आगंतुक झुडपांचं ५ टक्क्यांच्या खाली येईल.' हे वाक्य खोटं ठरू शकतं, म्हणूनच ते कामाचं.

इथला सापळा म्हणजे घामाचे आकडे. लावलेली रोपं, खोदलेले चर, जमलेले स्वयंसेवक, काम झालेलं क्षेत्र. हे मोजायला सोपे, अहवालात भरघोस दिसणारे आणि परिसंस्थेबद्दल जवळजवळ काहीच न सांगणारे. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता करारात देशांनी २०३० पर्यंत ऱ्हास झालेल्या क्षेत्रांपैकी किमान ३० टक्के क्षेत्र 'परिणामकारक' पुनरुज्जीवनाखाली आणण्याचं ठरवलं. त्यातल्या 'परिणामकारक' या शब्दाचा हिशेब द्यायचा, तर घामाचे आकडे पुरत नाहीत.

२. कशासारखं व्हायला हवं? संदर्भ जागा शोधा

तुमच्या जागेसारखीच माती, तसाच उतार, तसंच पाणी आणि कमीत कमी बिघाड, अशी जागा जवळपास असेल तर ती तुमची संदर्भ जागा. एकीवर भिस्त ठेवू नका, शक्य तर तीन-चार शोधा. चांगल्या जागाही एकमेकींसारख्या नसतात, आणि 'चांगलं' किती विस्तृत असू शकतं ते त्यातूनच कळतं.

अशी जागा उरलीच नसेल तर जुने नकाशे, फोटो, वनस्पती संग्रहालयातले वाळवलेले नमुने आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांवरून चित्र जुळवावं लागतं. आठवणींबाबत सावध राहा. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की मासे-अभ्यासकांची प्रत्येक पिढी आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीला जे पाहिलं तेच 'मूळ' धरते. त्यामुळे घसरलेली स्थितीच पुढच्या पिढीची पायरी होते. तुमच्या लहानपणीचं जंगलही कदाचित आधीच निम्मं गेलेलं होतं.

संदर्भ नीट शोधला नाही तर काम उलट्या दिशेने जाऊ शकतं. गवताळ माळ हा मुळातच माळ असतो. त्याला 'तुटलेलं जंगल' समजून झाडं लावली, की झाडं छान जगतात, आकडे वर जातात, आणि गवतावर जगणारे पक्षी-कीटक निघून जातात.

३. जिथे काही करणार नाही, ती जागाही मोजा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

संदर्भ जागा सांगते की कुठे पोहोचायचं. तुलनेची जागा वेगळी: ती तुमच्याइतकीच बिघडलेली असते, फक्त तिथे तुम्ही हात लावत नाही. पाऊस, थंडी, टोळधाड, लांबलेला उन्हाळा दोन्हींवर सारखाच येतो. दोन्ही ठिकाणी कामाआधी मोजायचं आणि कामानंतर मोजायचं. म्हणजे आधी-नंतर आणि केलेलं-न केलेलं अशी चार घरांची चौकट तयार होते.

समजा, कामाच्या जागेत झाडोऱ्याचं आच्छादन २० टक्क्यांवरून ४५ वर गेलं. वाढ २५ अंकांची. तुलनेच्या जागेत ते २२ वरून ३७ वर गेलं. वाढ १५ अंकांची. तुमच्या कामाच्या पदरात पडतात ते उरलेले १० अंक. २५ च्या जागी १० सांगताना जीभ जड होते खरी, पण हे १० कुणी हिसकावून घेऊ शकत नाही.

तुलनेची जागा निवडताना आम्ही केलेल्या चुका:

*फार जवळ घेतली.* कामाच्या तुकड्यातलं बी वाऱ्याने, पक्ष्यांनी पलीकडे गेलं आणि तुलनेची जागाही सुधारू लागली. काम होतं त्यापेक्षा कमी दिसलं.

*कुंपणाचा परिणाम विसरलो.* हे जास्त फसवं. आमच्या तुकड्याला कुंपण घातल्यावर तिथे चरणारी गुरं कुठे गेली? शेजारच्या, म्हणजे तुलनेच्या जागेत. तिथे दुप्पट चराई झाली, ती जागा आणखी बिघडली, आणि आमचं काम आहे त्याहून भारी दिसू लागलं. चराई, लाकूडतोड, मासेमारी यांतलं काहीही तुम्ही एका जागी थांबवत असाल, तर ते कुठे सरकतंय ते आधी बघा.

*एकच घेतली.* पुढे तिथे आग लागली. तुलना संपली.

सोबत्यांना ही पायरी पटवणं अवघड जातं. 'एवढी जागा मुद्दाम ओसाड ठेवायची?' हा प्रश्न हमखास येतो. मार्ग असा की सगळं काम एका वर्षात करता येत नसतंच. मग आधी कोणते तुकडे आणि नंतर कोणते, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. उशिरा हाती घ्यायचे तुकडे तोपर्यंत तुलनेचं काम करतात, आणि जागा कायमची कुणी सोडत नाही.

वर म्हटलेली पळवाट हीच. काम सुरू झालं असलं तरी न केलेले तुकडे उरलेले असतातच. त्यांची आजची नोंद घ्या. 'आधी'ची स्थिती थोडीफार उपग्रहाच्या जुन्या चित्रांतून मिळते (पायरी ८). पूर्ण भरपाई होत नाही, पण हात अगदी रिकामे राहत नाहीत.

४. काय मोजायचं ते निवडा, आणि बरंच काही सोडून द्या

सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये पुनरुज्जीवनाची मानकं काढली आणि २०१९ मध्ये सुधारली. त्यात परिसंस्थेचे सहा गुण धरले आहेत: धोके थांबलेत का, माती-पाण्याची भौतिक स्थिती, प्रजातींची रचना, झाडं-झुडपं-गवत अशा थरांची ठेवण, परिसंस्थेचं कामकाज, आणि आजूबाजूच्या परिसराशी देवाणघेवाण. प्रत्येकाला एक ते पाच तारे द्यायचे आणि ते चाकाच्या चित्रात रंगवायचे. दरवर्षी रंगवलेलं चाक शेजारी-शेजारी ठेवलं की कुठे फुगलंय आणि कुठे अडलंय ते पटकन दिसतं. तारे मात्र मोजणीवरून द्या. कार्यालयात चहा पिताना दिलेले तारे नेहमी चारच्या पुढे असतात.

सहाही गुणांसाठी मिळून आठ-दहा गोष्टी पुरेत. आम्ही पहिल्या वर्षी २७ ठरवल्या होत्या, दुसऱ्या वर्षी त्यातल्या ९ च मोजून झाल्या, आणि त्याही कुठल्या ते सोयीने ठरलं.

बहुतेक नवखे लोक झाडं आणि पक्षी यांवर थांबतात, कारण ते दिसतात. कामकाज, म्हणजे पाणी मुरणं, पाचोळा कुजणं, कुणी कुणाला खाणं, हे राहून जातं. त्यासाठी प्रयोगशाळा लागते असा समज आहे. या तीन गोष्टी करून बघा:

*पाणी किती वेळात मुरतं.* १५ सेंटिमीटर व्यासाची धातूची कडी जमिनीत अर्धी ठोका. आत ४४० मिलिलिटर पाणी ओता. तेवढ्या पाण्याची उंची साधारण अडीच सेंटिमीटर होते. ते पूर्ण मुरू द्या. मग तेवढंच पाणी पुन्हा ओता आणि आता वेळ मोजा. पहिल्या पाण्याने माती भिजते, त्यामुळे खरी तुलना दुसऱ्याच पाण्याची. तुडवून घट्ट झालेल्या जमिनीत हे पाणी कितीतरी वेळ तसंच उभं राहतं. माती सावरू लागली की सगळ्यात आधी हा आकडा हलतो, झाडं अजून कमरेएवढीही नसताना.

*पाचोळा कुजण्याचा वेग.* यासाठी २०१३ मध्ये मांडलेली एक गमतीदार पद्धत आहे: चहाच्या पिशव्या. ग्रीन टीची एक आणि रूइबोस या दक्षिण आफ्रिकी झुडपाच्या चहाची एक, वाळवून, वजन करून ८ सेंटिमीटर खोल पुरायच्या. सुमारे ९० दिवसांनी काढून, माती झटकून, वाळवून पुन्हा वजन. ग्रीन टी लवकर कुजतो, रूइबोस सावकाश, म्हणून दोन्ही लागतात. कामाची, तुलनेची आणि संदर्भाची अशा तिन्ही जागी एकाच दिवशी पुरा. आणि पुरलेली जागा खुंट ठोकून ठेवा, तीन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

*खाणारे आले का.* हिरव्या प्लॅस्टिसिनच्या (मुलं खेळतात त्या मऊ मातीच्या) अळ्या वळून पानांवर चिकटवायच्या आणि काही दिवसांनी त्यांच्यावरच्या खुणा वाचायच्या. चोचीची खूण वेगळी, किड्यांच्या जबड्याची वेगळी, उंदराच्या दातांची वेगळी. हा पोरखेळ वाटत असेल तर सांगतो: २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ३१ ठिकाणी अशा २,८७९ अळ्या लावल्या होत्या.

पाण्याच्या कामासाठी सेकी चकती हवीच. अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पांढरी चकती वापरली होती, साधन आजही जवळजवळ तितकंच साधं आहे. तळ्यांसाठी २० सेंटिमीटरची काळी-पांढरी चकती दोरीने सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची. ढग, लाटा आणि दिवसाची वेळ यांनी आकडा बदलतो, म्हणून शक्यतो भर दुपारी, नावेच्या सावलीच्या बाजूने.

५. मोजायच्या जागा स्वतः निवडू नका

आपले पाय आपोआप चांगल्या झाडांकडे वळतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात नेमकं हेच झालं. तिथे १९९५-९६ मध्ये लांडगे परत सोडले. त्यांच्यामुळे एल्क हरणं कमी झाली आणि ॲस्पेनची कोवळी झाडं पुन्हा वाढू लागली, ही गोष्ट जगभर गाजली. पण बऱ्याच मोजण्यांत प्रत्येक राईतली सगळ्यात उंच पाच कोवळी झाडंच मोजली होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यदृच्छेने निवडलेली झाडं मोजली, तेव्हा आधीच्या पद्धतीने झाडांचं सावरणं ४ ते ७ पट जास्त दाखवलं होतं असं निघालं. सावरणं झालं होतं, पण गाजलं तेवढं नव्हतं.

म्हणून नकाशावर चौकोनांची जाळी आखा, चौकोनांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या काढा. काटेरी, चिखलाचा, कंटाळवाणा चौकोन निघाला तरी तिथेच जायचं. जागेत ओढाकाठ, उतार, माथा असे स्पष्ट भाग असतील, तर प्रत्येक भागातून स्वतंत्र चिठ्ठ्या काढा, नाहीतर सगळ्या एकाच भागात पडतात.

चौकोन किती? याला ठरीव आकडा नाही. दहा मोजा, सरासरी काढा. आणखी पाच मोजून पुन्हा काढा. सरासरी डोलायची थांबली आणि नव्या प्रजाती क्वचितच सापडू लागल्या की पुरे. गवतासाठी १ मीटरची चौकट, झुडपांसाठी साधारण ५ बाय ५ आणि झाडांसाठी १० बाय १० किंवा त्याहून मोठी, असा ढोबळ हिशेब चालतो.

६. खुंट असे ठोका की दहा वर्षांनी परक्या माणसाला सापडतील

आम्ही लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. ३० चौकोनांपैकी तिसऱ्या वर्षी ११ सापडले, बाकीच्या खुंट्या वाळवीने खाल्ल्या. जीपीएसवर विसंबलो होतो, पण मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही काही मीटरने चुकतो, झाडीखाली त्याहून जास्त. एक मीटरच्या चौकटीसाठी ती चूक म्हणजे वेगळाच चौकोन.

लोखंडी सळी जमिनीत खोल ठोका, वर चार बोटंच ठेवा. जास्त वर राहिली तर गुरांना, माणसांना लागते, आणि लोखंड चोरीलाही जातं. जवळच्या न हलणाऱ्या खुणेपासून, म्हणजे मोठा खडक किंवा पूल यापासून, अंतर आणि होकायंत्राचा कोन लिहून ठेवा. झाडाच्या खोडावर १.३ मीटर उंचीवर रंगाची रेघ मारा आणि घेर दर वेळी तिथेच मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो.

फोटोंची वेगळी खुंटी ठेवा. तिथे उभं राहून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेने, त्याच महिन्यात. मागच्या वर्षीच्या फोटोची छापील प्रत हातात धरून क्षितिजरेषा जुळवून घ्या. पाऊस संपतानाचा हिरवा फोटो आणि उन्हाळ्यातला पिवळा फोटो शेजारी ठेवून 'बदल' दाखवणं हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना चावटपणा आहे, आणि बहुतेकदा तो नकळत घडतो.

७. पद्धत ठरली की गोठवा

चौथ्या वर्षी आमच्या पक्ष्यांच्या प्रजाती अचानक वाढल्या. आनंद झाला. मग लक्षात आलं, त्या वर्षी मोजायला आलेला मुलगा आवाजावरून पक्षी ओळखत होता. पक्षी आधीही तिथेच होते, आमचे कान नव्हते.

माणूस बदलणारच. म्हणून नवा माणूस आणि जुना माणूस यांनी पहिल्या दिवशी त्याच जागी, एकमेकांशी न बोलता, वेगवेगळं मोजायचं. दोघांच्या आकड्यांतला फरक वहीत लिहायचा. पक्ष्यांसाठी एका ठिकाणी दहा मिनिटं ठरवली असतील तर दहाच. बाराव्या मिनिटाला दिसलेला दुर्मीळ पक्षी वेगळ्या रकान्यात. महिना, वेळ, किती माणसं, किती तास, हवामान प्रत्येक तक्त्यावर हवं.

'दिसला नाही' म्हणजे 'नाही' असं नसतं. समजा एखादा प्राणी जागेत आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ४० टक्के आहे. तर तीन फेऱ्यांत तो निदान एकदा दिसण्याची शक्यता ७८ टक्के होते, पाच फेऱ्यांत ९२. एकाच फेरीवर 'प्रजाती नाहीशी झाली' असं लिहाल तर जास्त वेळा चुकाल.

आणि शून्य व रिकामा रकाना एक नव्हेत. शून्य म्हणजे बघितलं, नव्हतं. रिकामं म्हणजे बघितलंच नाही. एका वर्षी आमच्याकडे ज्याने नोंदी संगणकावर चढवल्या त्याने सगळे रिकामे रकाने शून्य केले. त्या वर्षी फुलपाखरं जवळजवळ नामशेष झाली होती, फक्त आमच्या तक्त्यात. तेव्हापासून न बघितलेल्या रकान्यात आडवी रेघ मारायची असा नियम आहे.

८. आकाशातून आणि यंत्रांतून

लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची, १० मीटर बारकाव्याची. लाल आणि अवरक्त प्रकाशावरून काढलेला एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक उणे १ ते अधिक १ या दरम्यान असतो. मोठ्या जागेसाठी, जुन्या स्थितीसाठी आणि तुलनेच्या जागेसाठी हा खजिनाच आहे. पण उपग्रहाला हिरवं दिसतं, काय हिरवं आहे ते दिसत नाही. आगंतुक झुडपांचं रान त्याला उत्तम जंगलच वाटतं. जमिनीवरचे चौकोन सोडून नुसता एनडीव्हीआय दाखवणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नका.

कॅमेरा ट्रॅप, आवाज टिपणारी यंत्रं, पाण्यातल्या डीएनएवरून प्रजाती शोधणं हे सगळं उपयोगी आहे. पहिल्या वर्षी घेऊ नका. त्यातून येणारी माहिती चाळायला माणूस नसेल तर हजारो फोटो कार्डातच राहतात.

९. आकडे वाचताना

प्रजातींची नुसती संख्या फसवते. दोन जागा घ्या, दोन्हींत १० प्रजाती, १०० झाडं. पहिलीत प्रत्येकीची १०. दुसरीत एकीची ९१ आणि बाकी नऊ जणींचं एकेक. यादी सारखीच, पण दुसरी जागा प्रत्यक्षात एकाच झाडाची बाग आहे. शॅनन निर्देशांक हा फरक पकडतो: पहिलीचा २.३०, दुसरीचा ०.५०. हे आकडे लोकांना कळत नाहीत, म्हणून त्यांचं 'प्रभावी प्रजातीं'त रूपांतर करा, म्हणजे सगळ्या प्रजाती सारख्याच संख्येने असत्या तर एवढी विविधता किती प्रजातींत मावली असती ते सांगा. पहिलीत १०, दुसरीत जेमतेम १.६५. हे कुणालाही समजतं.

प्रजाती कोणत्या, हे मात्र कुठलाच निर्देशांक सांगत नाही. रस्त्याकडेची तणं आली तरी विविधता वाढते. संदर्भ जागेतल्या किती प्रजाती तुमच्याकडे आल्या, हा आकडा नेहमी सोबत ठेवा.

१०. किती वर्षं मोजायचं

प्रकल्पाचा पैसा बहुधा तीन वर्षांचा असतो, परिसंस्थेचं घड्याळ वेगळं. सोडून दिलेल्या शेतजमिनीवर आपोआप उगवलेल्या उष्णकटिबंधीय जंगलांच्या ७७ ठिकाणांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. माती १० वर्षांच्या आत सावरली, झाडांचं कामकाज २५ वर्षांच्या आत, रचना आणि प्रजातींची विविधता २५ ते ६० वर्षांत. जैवभार (झाडांचं एकूण वजन) आणि मूळच्या प्रजातींचा मेळ यायला १२० वर्षांहून जास्त लागतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी जुन्या जंगलातल्या झाडांची यादी तपासून नापास होण्यात अर्थ नाही. त्या वर्षी पाणी मुरण्याचा वेग बघा.

सावरणं सरळ रेषेतही होत नाही. अमेरिकेत सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये पडणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने वळवलं गेलं. पाणी लवकरच स्वच्छ होऊ लागलं आणि मग स्थिरावलं. संशोधक डब्ल्यू. टी. एडमंडसन मोजत राहिले, म्हणून पुढची पायरी सापडली: १९७६ च्या सुमारास डॅफ्निया हे शेवाळ खाणारे बारीक जलचर वाढले आणि पाण्याची पारदर्शकता पुन्हा एकदा झपाट्याने वाढली. मोजणी १९७२ ला थांबली असती तर तो टप्पा हुकला असता.

व्यवहारात असं करा: पहिली तीन वर्षं दरवर्षी, मग दहाव्या वर्षापर्यंत एक वर्षाआड, नंतर दर पाच वर्षांनी. लवकर हलणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाणी, कीटक, तण, मात्र दरवर्षीच. झाडांचे घेर अंतराने. पैसा कमी पडला तर चौकोन कमी करा, पण वर्षं तोडू नका, आणि तुलनेची जागा तर मुळीच वगळू नका.

११. अहवाल लिहिताना

पहिल्या पानावर पायरी १ मधलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली आजचा आकडा. बिघडलेल्या गोष्टीही त्याच पानावर. सरासरीसोबत कमाल-किमान द्या. कच्चे तक्ते, चौकोनांचा नकाशा आणि पद्धतीचं टिपण तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातलं एक कागदावर.

उद्दिष्ट गाठलं नसेल, तर आधी रोजवही उघडा. ठरवलेलं काम झालं होतं का? झालं असेल, तर धोका थांबला होता का? तोही थांबला असेल, तर कदाचित संदर्भच चुकला असेल, किंवा बी पोहोचायला आसपास मूळ झाडंच उरली नसतील. या क्रमाने गेलात तर पुढच्या हंगामात काय बदलायचं ते एका पानावर मावतं. आमच्या टेकडीवर हाच क्रम लावला, तेव्हा उत्तर सगळ्यात पहिल्या प्रश्नावरच मिळालं: तण काढायच्या ठरलेल्या सहा दिवसांपैकी दोनच दिवस खरोखर तण काढलं गेलं होतं.